तिसऱ्यांदा ऐकलेली बातमी खरी का वाटते?

प्रश्न : मोबाइलवर एखादी बातमी आली, की पहिल्यांदा आम्ही ती हसण्यावारी नेतो. तीच पुढे बाजारात आणि मग सोयऱ्याच्या तोंडून कानावर आली, की खरी वाटू लागते. पुरावा तर एकही वाढलेला नसतो. मग विश्वास कशामुळे वाढतो?
– एक वाचक, रावेर

उत्तर : पुरावा वाढलेला नसतो हे आपणच हेरले आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा काही खरी, काही खोटी विधाने ऐकवली. त्यांपैकी जी पुन्हा पुन्हा कानावर पडली ती, मुळात खोटी असली तरी, अधिकाधिक खरी वाटत गेली. ओळखीचे वाक्य मनाला सहज उमगते आणि ही सहजताच आपण खरेपणा समजून बसतो. त्यातून सांगणारा सोयरा असेल, तर त्याला कुठून कळले हे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे ठरते, आणि एकाच निनावी संदेशाचे बघता बघता तीन साक्षीदार होतात.

याची किंमत खान्देशात मोजली गेली आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या सुमारास देशात इतरत्र पसरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. मुळात ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली फीत होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कोणीतरी कापला होता. उरलेले दृश्य कॅमेऱ्याने टिपलेलेच असल्यामुळे, ‘मी डोळ्यांनी पाहिले’ असे सांगणाऱ्याला आपण खोटे बोलतो आहोत, अशी शंका येण्याचे कारणच नव्हते.

तपशील नुसता असून भागत नाही, तो तपासता आला पाहिजे. ‘शेजारच्या तालुक्यात परवा मूल नेले’ हे ऐकायला नेमके वाटते. पण गावाचेच नाव नसल्यामुळे फोन कोणाला लावायचा, हे कळत नाही. आपल्या भागात केळीचा जाहीर भाव आणि बांधावर हाती पडणारा भाव यांत अंतर पडते, म्हणून जाणता शेतकरी बाग कटाईला देण्याआधी, ज्याचा माल आज गाडीत भरला गेला त्यालाच गाठून हाती पडलेला भाव विचारतो. बातमी सांगणाऱ्या दहा जणांतही असा, ज्याच्यावर ती गोष्ट स्वतः गुदरली, एक तरी आहे का, एवढे आधी पाहावे.