गाद्याचं हसू

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

आखातातल्या डॉल्फिन शोमध्ये ट्रेनरच्या हाताखाली काम मिळतंय, जाऊ का, असं विचारलंस. "नको जाऊस" एवढंच मी म्हटलं आणि तू गप्प झालीस. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

"काका, किती आनंदात असतात ते, सारखे हसतात," असं तू म्हणालीस. अगं, ती त्याच्या जबड्याची ठेवण. हर्णैला जाळ्यात गुदमरून मेलेला गादा, म्हणजे आपल्याकडचा डॉल्फिनच, मी या हातांनी वाळूवर ओढलाय. रबरासारखं गुळगुळीत अंग, त्यावर दोरीचे वळ, आणि तोंड तसंच हसरं.

टिलिकम नावाचा ऑर्का, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला मोठा प्राणी, 1983 साली आइसलँडजवळ पकडला, तेव्हा तो पिल्लूच होता. 2017 साली मरेपर्यंत शोच्या टाकीत राहिला. मधल्या काळात तीन माणसांचे जीव गेले, त्यात 2010 साली त्याचीच अनुभवी ट्रेनर. तिची माया खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. तुझीही नसेल. पण टाकीच्या भिंती मायेने मागे सरकत नाहीत गं. आपल्याकडे चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांत मेले. 2013 साली केंद्र सरकारने डॉल्फिनेरियमला, म्हणजे असल्या शोच्या टाक्यांना, परवानगीच द्यायची नाही असं ठरवलं, ते फार चांगलं केलं.

आता माझं सांगतो. एका मे महिन्यात, कर्द्याच्या किनाऱ्यासमोर, डॉल्फिन बघायला आलेल्या गिऱ्हाइकांना ते जवळून दाखवायच्या हट्टापायी मी होडी कळपात घातली. आई उजवीकडे राहिली, पिल्लू डावीकडे. ते तीनदा वर आलं, फस्स करून श्वास घेतला, आणि दर वेळी तोंड वेगळ्याच दिशेला. होडीतली माणसं टाळ्या वाजवत होती. मी इंजिन बंद केलं तेव्हा आई होडीखालून पलीकडे गेली. त्या टाळ्या अजून कानात आहेत. तू जिथे जायचं म्हणतेस तिथे त्या रोज वाजतात.

तुला या जीवांसाठी काही करायचंय, हे मला ठाऊक आहे. मग इथे बघ. जाळ्यात गादा किंवा कासव अडकलं आणि जाळं कापून सोडलं, तर मच्छीमाराला राज्य सरकारकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पण फोटो हवा, अर्ज हवा. बंदरावर कितीतरी जण कागदाच्या धास्तीने त्या वाटेला जात नाहीत. जाळं म्हणजे त्यांचं पोट. ते कापायचं तर कुणीतरी पाठीशी लागतं. तू शिकलेली आहेस, कोळीवाड्यातली आहेस, तुझं ऐकतील.

आखाताएवढा पगार यात नाही. घरचं कर्ज मी विसरलेलो नाही, बाबांशी त्याबद्दल बोलतो. तुला बुधवारपर्यंत कळवायचंय ना? रविवारी पहाटे बंदरावर ये, दोघं होडीने जाऊ.

तुझा,
काका