जोश नसला तरी ये

आमच्या बेसबॉल संघाच्या चि. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्याला, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराचा आहे, मी सकाळी वाचला. पावणेबाराला तू जागा होतास याचा राग वेगळा, तो नंतर काढतो. "सर, ट्रायल्सनंतर जोशच येत नाही. हे प्रोफेशनल प्लेयर रोज मोटिवेटेड कसे राहतात?" उत्तर दोन शब्दांत देता आलं असतं: राहत नाहीत. पण तू खाली अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहितोय. वाच, आणि फोटो काढून स्टेटसला लावू नकोस.

तुझा हात चांगला आहे, पुढच्या वर्षी निवड होईल, वगैरे मी लिहिणार नाही. ते तुझे मित्र लिहितात. खरं आहे, पण त्याचा काही उपयोग नाही.

तिकडे अमेरिकेत संध्याकाळी सातला सुरू होणारी मेजर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या बेसबॉल स्पर्धेची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला दिसते. ती बघायला तू उठतोस, हे मला माहीत आहे. पण तुला दिसतात ते तीन तास. त्याच्या आधीचं कुणी दाखवत नाही. सातच्या मॅचला खेळाडू दुपारी एक-दोनलाच मैदानावर आलेला असतो. अंग मोकळं करणं, जाळीत बॅटिंग, समोरच्या पिचरचे, म्हणजे बॉल फेकणाऱ्याचे व्हिडिओ, मग उन्हात ग्राउंडर्स, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल अडवणं. कालचेच ग्राउंडर्स, त्याच कोचच्या हातचे. मॅच संपल्यावर व्यायाम, जेवण, आणि दौरा असेल तर रात्रीचं विमान. उद्या परत एक वाजता. एका संघाच्या अशा 162 मॅचेस साधारण सहा महिन्यांत होतात. फेब्रुवारीपासून फ्लोरिडात नाही तर अॅरिझोनात चालणारा सराव वेगळाच. यात रोज जोश कुठून आणायचा? कुणाकडेच नसतो. असते ती वेळ. एक म्हणजे एक. जोश येईल तेव्हा येईल, तू वेळेवर ये. या पत्रात मला एवढंच सांगायचंय आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी.

आता ट्रायल्समधले तुझे ते तीन स्ट्राइकआउट, तीन-तीन स्ट्राइक होऊन आउट झालास ते. जपानच्या इचिरो सुझुकीनं मेजर लीगमध्ये 2004 साली एका हंगामात 262 हिट्स मारल्या, म्हणजे 262 वेळा बॉल मारून बेसवर पोचला. 1920 पासून जॉर्ज सिस्लरच्या नावावर असलेला 257 चा विक्रम मोडला. हे तुला पाठ आहे. पण त्या वर्षी त्याची बॅटिंगची गणतीतली पाळी 704 वेळा आली होती. वजाबाकी कर. 442 वेळा हिट नाही. मेजर लीगचा विक्रम केला त्याच वर्षी हा माणूस 442 वेळा रिकाम्या हातानं परतला, आणि तू तीन वेळा परतलास म्हणून आठ दिवस घरी बसलास. काय बे, तुझे तीन त्याच्या चारशे बेचाळीसपेक्षा जड आहेत का?

आणि इचिरोकडून शिकायचंच तर त्याची बॅट उगारायची ढब शिकू नकोस, ती सगळी पोरं करतात. तो बॅटी दमट हवेनं जड होऊ नयेत म्हणून खास पेटीत ठेवायचा. तुझी बॅट मी पाहिली आहे, मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेली. मॅच असो नसो, त्याचं अंग ताणणं ठरल्या वेळी व्हायचंच. 2018 च्या मे महिन्यात त्याला खेळाडूंच्या यादीतून बाहेर केलं, तरी तो उरलेला हंगाम संघाबरोबर रोज सराव करत राहिला. वय चव्वेचाळीस. मॅचमध्ये उतरायची परवानगी नाही, तरी सरावाला हजर. पुढच्या मार्चमध्ये टोकियोत शेवटचे सामने खेळून थांबला.

तुझ्या भिंतीवर जपानच्या ओहतानीचा तो चौकोनांचा तक्ता आहे. शाळेत असताना त्यानं भरलेला, मधे ध्येय, भोवती आठ गोष्टी, त्या प्रत्येकीभोवती आठ कामं. तू तसाच आपला भरलास, रंगीत पेनं वापरून, ते मला तुझ्या बहिणीनं दाखवलं. चौसष्ट चौकोन एका रात्रीत भरलेस आणि एकही आठवडाभर पाळला नाहीस. ताशी 160 किलोमीटर वेगाचा चौकोन सगळ्यांना आवडतो. त्याच तक्त्यात नशीब नावाच्या घराभोवती त्यानं काय लिहिलंय ते वाच: कचरा उचलणं, खोली झाडणं, साहित्य नीट वापरणं, अंपायरशी वागणूक. शाळकरी पोरानं नशीब म्हणजे काय हे असं लिहून ठेवलं, आणि आपल्याकडे सराव संपल्यावर बेस उचलायला कुणी सापडत नाही.

अंपायरवरून आठवलं. तुझं म्हणणं, तिसरा स्ट्राइक बाहेरून गेला होता. असेल. मी लांब होतो, मला दिसला नाही. तरी 2 जून 2010 ची गोष्ट ऐक. डेट्रॉइटचा पिचर अर्मांडो गालारागा. सव्वीस बॅटर आले, सव्वीस आउट, एकही बेसवर पोचला नाही. सत्ताविसावा आउट झाला की परफेक्ट गेम, पिचरच्या जन्मात क्वचित एखाद्याला मिळणारी गोष्ट. आणि जिम जॉइस या अंपायरनं पहिल्या बेसवर चक्क आउट असलेल्या माणसाला सेफ दिलं. गालारागा हसला. चेंडू घेऊन परत गेला आणि पुढच्या बॅटरला आउट करून मॅच संपवली. जॉइसनं टीव्हीवर पाहिलं आणि चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी बॅटिंगची यादी त्याच अंपायरच्या हातात द्यायला गालारागाच गेला. लोक त्याच्या मोठेपणाबद्दल बोलतात. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच: हसला की चिडला ते सोड, पुढचा बॅटर उभा होता आणि हा फेकायला तयार होता. तू मात्र त्या स्ट्राइकनंतर दोन ग्राउंडर पायाखालून सोडलेस. निवड समितीनं स्ट्राइकआउट नाही, ते दोन ग्राउंडर लिहून घेतले असणार.

टीवरच्या बॅटिंगचा तुला कंटाळा येतो. पीव्हीसी पाइप आणि वर रबराची नळी, त्यावर ठेवलेला न हलणारा बॉल, त्यात काय शिकायचं, असं तू सगळ्यांसमोर म्हणालास. आता हिशेब बघ. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, साठ फूट सहा इंच. तासाला पंचाण्णव मैलांचा बॉल प्लेटवर पोचतो सुमारे 0.4 सेकंदात. त्यातला निम्मा वेळ बॉल कुठला आहे ते ओळखण्यात जातो. उरलेल्यात विचार करून बॅट फिरवायची म्हटलं तर बॉल कॅचरच्या हातात. तिथं विचार चालत नाही, हाताला आधीच माहीत असावं लागतं, आणि हाताला माहीत करून द्यायचा रस्ता हा कंटाळवाणाच आहे. मेजर लीगमधली मोठमोठी माणसं आजही टीवर मारतात. त्यांतलाच टोनी ग्विन 1983 पासून आपली बॅटिंग टेपवर घेऊन पाहत बसायचा, तेव्हा असं कुणी करत नव्हतं. टेप करायला घरी बायको. आठ वेळा लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला. स्वतःचीच तीच ती बॅटिंग रोज पाहायची म्हणजे काय गंमत असेल, सांग.

तुझी आई विड्या वळते. तिची मजुरी हजारामागे आहे, जोशामागे नाही. नऊशेव्या विडीला तिला कसं वाटतं ते एकदा विचार. सैल वळलेली विडी कारखान्यात बाजूला काढतात, म्हणून नऊशेवी पहिलीसारखीच वळावी लागते. प्रोफेशनल माणूस बघायला तुला पहाटे साडेचारचा गजर लावायची गरज नव्हती.

आता दुसरी बाजू, नाहीतर तू उद्यापासून रोज दोनशे थ्रो करशील. ये म्हणजे फेक, असं नाही. मेजर लीगचा सुरुवातीचा पिचर साधारण पाचव्या दिवशी फेकतो. मधले दिवस तो येतो, पळतो, लांबून हलके थ्रो करतो, एक दिवस मोजके पिच टाकतो. कुठल्या दिवशी काय हे ठरलेलं असतं. आमच्या वेळी सोलापुरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळी गार अंगानं फेकायचं, संध्याकाळी परत, स्पर्धेत लागोपाठ. खांदा दुखला की ओवा-तेल. आज मला उजव्या हातानं माळ्यावरचा डबा काढता येत नाही. तुझ्या वयाच्या मला कुणीतरी "आज फक्त पळ" असं सांगायला हवं होतं, याची हळहळ अजून आहे. म्हणून मी आमच्या पिचर्सचे बॉल मोजतो आणि पालकांशी भांडतो. पालक म्हणतात, सर पोराला फेकूच देत नाहीत. म्हणू देत.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातली भाला फेकणारी पोरं. 2008 साली एका स्पर्धेतून निवडली गेली तेव्हा बेसबॉल खेळलेलीच नव्हती. अमेरिकेत टॉम हाउस या पिचिंगच्या कोचनं शिकवलं आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या संघानं दोघांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. तुला त्यात अपयश दिसतं, तू तसं बोललास. मला दिसतं की भाल्याच्या सवयीचा हात घेऊन, भाषा येत नसताना ते रोज मैदानावर गेले. या हाउसचाच एक प्रसिद्ध सराव आहे, टॉवेलचा. हातात बॉलऐवजी टॉवेल धरायचा आणि पूर्ण पिच टाकल्यासारखी हालचाल करायची, समोर धरलेल्या ग्लोव्हजवर टोक आपटेपर्यंत. टॉवेलची कमी सोलापुरात कुणी सांगू नये. पाण्याचा दिवस असला, घागरी भरण्यात सकाळ गेली, मैदान नाही मिळालं, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांनी होम मैदान भरलं, तरी गल्लीत टॉवेल फिरवता येतो. पाण्याच्या दिवशी उशीर झाला तर मी रागावत नाही, हे तुला माहीत आहे. इतर दिवशी रागावतो.

यावरून लोक मला हट्टी म्हणतात. तुझ्याआधी एक डावखुरा पिचर होता माझ्याकडे. तुझ्यापेक्षा चांगला होता, वाईट वाटून घेऊ नकोस. बॉल असा वळायचा की कॅचर हसायचा. पण यायचा मनाला येईल तेव्हा. विभागीय स्पर्धेच्या आधी सांगितलं, सरावाला वेळेवर आला नाहीस तर बसवीन. आला नाही. बसवला. हरलो. शाळेच्या मंडळींनी मला खोलीत बोलावून जे ऐकवायचं ते ऐकवलं, त्याचे वडील घरी येऊन बोलून गेले. तो खेळ सोडून गेला. आता कुठंतरी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, मी समोरून गेलो तर खाली मान घालून स्क्रू शोधतो. परत ती वेळ आली तर मी परत बसवीन. उरलेली पोरं उन्हात येत होती, त्यांतल्या कित्येकांना संघात बाकावरच बसायचं होतं, तरी येत होती. एकाच्या हातात जादू आहे म्हणून त्यांची वेळ फुकट ठरवायची का? खेळ शिकवायला मी बसलोय की चषक गोळा करायला? चषक ठेवायला शाळेत कपाट आहे, मला त्याची किल्लीही कधी दिली नव्हती. असो. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण लिहिलं गेलं.

आणखी एक. कॅल रिपकन मेजर लीगमध्ये सलग 2,632 मॅचेस खेळला, 1982 पासून 1998 पर्यंत. आणि मग एके दिवशी स्वतःच जाऊन सांगितलं, आज मी बसतो. थांबायचं तर असं, सांगून, मैदानावर येऊन. तुला खेळ सोडायचा असेल तर सोड. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, बारावी, बाबांचं म्हणणं, सगळं मला कळतं आणि त्यात मी आडवा येणार नाही. पण मेसेजवर सोडू नकोस. बूट घालून ये आणि समोर उभा राहून सांग.

सोडायचा नसेल तर सोमवारी सकाळी सहा. एप्रिल आहे, नऊनंतर मी कुणाला उन्हात उभं करणार नाही, म्हणून सहा म्हणजे सहा. जोश घरी ठेवून आलास तरी चालेल. आधी टीवर पन्नास, मग ग्राउंडर्स, डाव्या बाजूचे जास्त. तुझ्या ग्लोव्हजची लेस अंगठ्याजवळ तुटत आली आहे. मोच्याकडून बदलून घे, चामड्याची, नायलॉनची नको. पैसे मी देतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जास्तीची बांधून आण, धाकट्या पोरांतली दोघं उपाशी येतात.

तुझा,
सर