नायट्याला मध, आणि मधाला मुंग्या

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर महापे एमआयडीसीत कामाला आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून त्यांच्या जांघेत आणि कमरेला पट्ट्याखाली नायटा झालाय. केमिस्टकडून एक ट्यूब आणली होती. चार दिवसांत खाज गेली, पण लावायचं सोडल्यावर दुपटीनं आली. मग सासूबाईंनी मध सुचवला. येऊरहून आणलेला, एकदम शुद्ध. गॅसवर गरम करून, हळद घालून त्या देतात. आठ दिवस लावतोय. रात्री जरा बरं वाटतं, पण चट्टे पसरतायत आणि गादीला मुंग्या लागल्यात. मधानं नायटा जातो का? चालू ठेवू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मुंग्यांचं वाचून हसू आलं ताई, राग मानू नका. मध बंद करा. पण सासूबाईंना वेड्यात काढू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मधात जवळजवळ ऐंशी टक्के साखर असते आणि तो आम्लधर्मी असतो. इतक्या घट्ट पाकात जंतूंना प्यायला पाणीच उरत नाही. जखमेतला ओलावा त्यात मिसळला, की मधमाशीनं घातलेलं एक एन्झाइम जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत राहतं. म्हणून भाजलेल्या किंवा चिघळलेल्या जखमेवर खास निर्जंतुक केलेला मध आजही वापरतात. तुम्ही मात्र तो गॅसवर तापवलात. उष्णतेनं हे एन्झाइम मरतं. मध तापवू नये हे आयुर्वेदही सांगतो, तेवढं सासूबाईंना हळूच ऐकवा.

आता नायट्याचं. 2004 साली एक छोटा अभ्यास छापून आला होता. मध, ऑलिव्ह तेल आणि मधमाशीचं मेण सारख्या प्रमाणात मिसळून 37 रुग्णांना लावलं, बऱ्याच जणांना गुण आला. पण दुसरं औषध लावलेला गट तुलनेला ठेवलाच नव्हता. एवढ्याच्या भरवशावर मी नायट्याला मध लिहून देत नाही. नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात राहते, त्यातलं केरॅटिन नावाचं प्रथिन खाते आणि कडेनं बाहेर बाहेर सरकते. ही काही ओली जखम नव्हे. वर जांघेत चिकट लेप, त्यावर घट्ट चड्डी आणि जीन्स, म्हणजे घाम आतच कोंडला. आणि शुद्ध मध म्हणजे निर्जंतुक मध नव्हे. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर कौतुकानंसुद्धा बोटभर चाटवू नका. त्यातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जिवावरची विषबाधा, होऊ शकतो.

खरं सांगू, मला तुमच्या मधापेक्षा त्या ट्यूबची जास्त काळजी वाटते. चार दिवसांत खाज गायब आणि थांबवल्यावर दुप्पट, ही चाल बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. खोका शोधा. त्यावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही लिहिलंय का बघा. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, बुरशी मरत नाही. उलट कातडीची लढायची ताकद कमी झाल्यामुळे ती निवांत पसरते. गोल कड पुसट होते आणि मग आम्हीही चकतो. जांघेतली कातडी पातळ, तिथे महिनोन्‌महिने लावलं तर पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तसे कायमचे वळ उमटतात. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम 2018 सालीच झालाय. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

मिस्टरांना त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या, ट्यूब आणि खोका बरोबर घेऊन. कडेचा कोंडा ब्लेडनं हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून थोडा वेळ थांबतात. मग मायक्रोस्कोपखाली कातडीच्या पेशींमधून फांद्या फुटलेले बारीक दोरे जाताना दिसतात. माझ्या ठाण्यातल्या दवाखान्यात रुग्णालाही ते बघायला लावते, त्यानंतर गोळ्या चुकवणारे निम्मे होतात. तपासणीआधी दोन दिवस तिथे काही लावू नका, मधाचा तर थेंबही नको.

कमरेपर्यंत पसरलंय, तेव्हा नुसत्या मलमावर भागेल असं वाटत नाही, पोटात गोळ्या लागतील. आपल्याकडे सध्या पसरलेल्या बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी चालवू नका. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. एकदा रक्तातली साखरही तपासून घ्या.

तुम्हाला कुठे चट्टा आहे का? लिहिलं नाहीत, पण एका गादीवर झोपता म्हणून विचारते. असेल तर उपचार दोघांचे एकदमच. टॉवेल वेगळे. पावसात फ्लॅटमध्ये दोरीवर वाळलेली चड्डी हाताला कोरडी लागते, पण शिवणीत ओल राहते. तिथे इस्त्री फिरवा. कंपनीतून आल्यावर अंघोळ, जांघ पुसून कोरडी, मग सैल सुती कपडे. चादरी, अभ्रे गरम पाण्यात धुवा, मुंग्याही त्यातच जातील.