घर दोघांचे, खरेदीखत एकाचे

प्रश्न : आमच्या लग्नाला 21 वर्षे झाली. 2009 मध्ये कर्ज काढून फ्लॅट घेतला. खरेदीखत केवळ पतीच्या नावावर आहे. पहिली चार वर्षे कर्जाचे निम्मे हप्ते माझ्या पगारातून गेले. पुढे सासूबाईंचे आजारपण आणि दोन मुले यांमुळे मी नोकरी सोडली. 'सोसायटीत नॉमिनी म्हणून तुझेच नाव आहे, मग काळजी कशाची?' असे पती म्हणतात. लग्नानंतर घेतलेल्या घरात पत्नीचा निम्मा हिस्सा असतोच ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, तसा हिस्सा आपोआप मिळत नाही. हिंदू पती-पत्नींच्या मिळकती महाराष्ट्रात कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र व्यक्तींच्या असतात आणि केवळ विवाहामुळे एकाची मिळकत दुसऱ्याची होत नाही. याच तत्त्वामुळे आपले स्त्रीधन मात्र सर्वस्वी आपलेच राहते. ते पतीच्या घरी ठेवले म्हणून त्याचे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कृपया पतीलाही वाचून दाखवावे. सभासदाच्या निधनानंतर सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. मालकी वारसांकडे जाते. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार पत्नी, प्रत्येक मूल आणि मृताची आई यांना समान हिस्से मिळतात. म्हणजे आपल्या घरी ती वेळ आली, तर ज्या घराचे हप्ते आपण भरले त्यात आपला वाटा चौथा असेल, आणि सासूबाईंचा चौथा हिस्सा त्यांच्या पश्चात त्यांच्या इतर मुलांकडेही जाऊ शकेल.

हप्त्यांच्या आधारे न्यायालयात हक्क सांगता येतो, मात्र पैसा आपला होता आणि तो घरासाठीच दिला, हे कागदोपत्री सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. इतकी जुनी खातेउतारे बँकेकडे नंतर मिळतीलच असे नाही, म्हणून पासबुके आणि उतारे आताच जमवून ठेवावेत.

नोकरी सोडून आपण जे केले, त्याची नोंद कोणत्याही पासबुकात नाही, आणि ही आपल्या कायद्यातील मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पतीच्या मिळकतीत घटस्फोटाच्या वेळी पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभेत पोहोचून व्यपगत झाले, म्हणजे संमत न होताच बारगळले. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमांमुळेच पती कमावू शकतो असे म्हणून तिचा मिळकतीतील हिस्सा मान्य केला. परंतु महाराष्ट्रातील न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही.

म्हणून संबंध चांगले असतानाच कागद करून घ्यावा. पती निम्म्या हिश्श्याचे नोंदणीकृत बक्षीसपत्र आपल्या नावे करू शकतात. राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे (काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा लागतो). कर्ज बाकी असल्यास आधी बँकेची संमती घ्यावी आणि नंतर सोसायटीच्या भागदाखल्यावरही नाव लावून घ्यावे. उरलेल्या हिश्श्यासाठी पतीने दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे. मालकी नसली तरी सामायिक घरात राहण्याचा आपला हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने मान्य केला आहे. मात्र राहण्याचा हक्क आणि मालकी यांत गल्लत करू नये.

प्रश्न : मुलीचे लग्न डिचोलीच्या मुलाशी ठरले आहे. तिकडे 'लग्नाआधी करार करणार का?' असे विचारतात. याचा अर्थ काय?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : गोव्यात 1961 नंतरही पोर्तुगीज काळातील 1867 ची नागरी संहिता चालू राहिली. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल, तर तिच्यानुसार पती-पत्नींची मिळकत सर्वसाधारणपणे सामायिक होते आणि दोघेही निम्म्या-निम्म्या वाट्याचे मालक ठरतात. लग्नापूर्वीच्या मिळकतीही त्यात येतात. त्यामुळे एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. मुलीच्या नावावर आधीच काही जमीन असल्यास हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण करार लग्नापूर्वी, नोटरीपुढे रीतसर व्हावा लागतो आणि लग्नानंतर तो बदलता येत नाही. गोवेकरांची गोव्याबाहेर भारतात असलेली मिळकतही वारसाच्या बाबतीत याच संहितेखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल आहे. तेव्हा मुलाचा मूळ अधिवास गोव्याचाच आहे ना, याची खात्री करून तिथल्याच वकिलाचा सल्ला विवाहनोंदणीपूर्वी घ्यावा.