क्राउन-पिनियन घरच्या अंगणात बसवताना

दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले, कापूस-संत्र्याची ने-आण सुरू झाली, की वर्षभर सहन केलेला हौसिंगचा, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीचा, आवाज कानाला टोचू लागतो. तिच्यातलं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राउन आणि त्याला फिरवणारं लहान ते पिनियन. या वेळचे वाचकांचे सगळे प्रश्न त्याच भोवतीचे आहेत. खालचे आकडे जुन्या जीपमधल्या डाना 44 पद्धतीच्या हौसिंगचे आहेत. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिमी.

प्रश्न : मागून घुंघुं आवाज येतो. क्राउन-पिनियन बदलावंच लागेल का भाऊ? (वरुड)

आवाज कधी येतो ते आधी कागदावर लिहा. अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढत असताना रडते आणि पाय उचलला की गप्प होते, तर दात झिजले आहेत किंवा पिनियनची खोली (ते क्राउनकडे किती आत बसलं आहे) चुकली आहे. उलट, पाय उचलल्यावरच आवाज येत असेल तर पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्या. शाफ्ट सोडून पिनियनची फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी) हाताने वरखाली हलवून पाहा, तिथे जराही ढिलेपणा असता कामा नये. ताशी 30 ते 50 किमीला जातं फिरल्यासारखी घरघर आली तर बहुधा डिफरन्शियलच्या (क्राउन ज्यावर बसतो त्या डब्याच्या) बाजूच्या बेअरिंगी. वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना 'टण्ण' होत असेल तर हौसिंग उघडण्याआधी शाफ्टचे क्रॉस (सांधे) तपासा. आणि मोठ्या गुट्ट्यांचे टायर डांबरावर गुणगुणतातच. मातीच्या रस्त्यावर आवाज मावळला तर दोष टायरचा आहे.

दात चांगले असून फक्त बेअरिंग गेली असेल, तर जुनी जोडी जुन्याच शिमवर (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) आणि जुन्याच बॅकलॅशवर (दातांमधली मोकळी फट) परत बसवा. वर्षानुवर्षं एका जागी घासून एकमेकांना सरावलेले दात नव्या आकड्यावर आणायला गेलात, तर शांत असलेली जोडीही ओरडू लागते.

प्रश्न : मिस्त्री म्हणतो, क्राउन चांगला आहे, नुसतं पिनियन टाकू. चालेल का? (वणी)

नाही. कारखान्यात क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडी तयार होते आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरतात. खोका उघडल्यावर आधी तो जुळवा. क्रमांक जुळत नसेल तर स्वस्त मिळाली म्हणूनही ती जोडी घेऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे पाने आहेत, पण डायल गेज आणि बारीक टॉर्क पाना नाही. घरी जमेल का? (काटोल)

डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) आणि त्याचा चुंबकी स्टँड लागतोच, त्याला पर्याय नाही. तालुक्याच्या लेथवाल्याकडे असतो, दोन दिवसांसाठी मागून आणा. शिम मोजायला मायक्रोमीटर हवा. बेअरिंग पुलर, पितळी गज, प्लास्टिकचा हातोडा आणि मोठा टॉर्क पाना एवढं पुरतं.

पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला ताण, मोजायला इंच-पौंडाचा पाना नसेल तर 10 किलोचा स्प्रिंगकाटा वापरा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळा, दोरीपासून पिनियनच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि काट्याने सावकाश ओढा. किलो गुणिले सेंटिमीटर हा तुमचा आकडा. नव्या बेअरिंगला 23 ते 46 किलो-सेंमी (20 ते 40 इंच-पौंड) लागतो. अंतर 5 सेंमी असेल तर काट्यावर साडेचार ते नऊ किलो दिसले पाहिजेत. जुन्याच बेअरिंगी ठेवल्या असतील तर याच्या निम्मा. पिनियन फिरायला सुरुवात होतानाचा झटका धरू नका, एकसारखं फिरत असतानाचा आकडा घ्या. मोजताना ऑइल सील बसवलेलं नको.

पिनियनच्या नटाला मात्र 200 ते 220 फूट-पौंड लागतात. एवढ्या मापाचा पाना नसेल तर नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर पाइपाला कापूस मोजायचा लटकता काटा काटकोनात अडकवा आणि 28 ते 30 किलोपर्यंत ओढा. फ्लँज फिरू नये म्हणून तिला बोल्टने लोखंडी अँगल जोडून तो जमिनीला टेकवावा.

गाडी उचलतानाचं एक सांगायलाच हवं. काळ्या मातीत जॅक हळूहळू बसतो. खाली शहाबादी फरशी किंवा जाड फळी टाका आणि वजन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, जॅकवर ठेवू नका. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही थांबत नाही, मागचे अ‍ॅक्सल निघाले की हँडब्रेकलाही अर्थ उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगडाची उटी लावा.

प्रश्न : शिम किती टाकायचे हे कळतच नाही. कुठून सुरुवात करू? (मेहकर)

जुन्यापासून. खोलण्याआधीच जुना बॅकलॅश मोजून ठेवा. बेअरिंगच्या दोन्ही कॅपांवर सेंटर पंचाने खूण करा, डावी एक टिंब आणि उजवी दोन. त्या हौसिंगसोबत बोर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग वाकडी बसते. निघालेला प्रत्येक शिम मोजून कोणत्या जागेचा ते लिहा. हा कागद हरवला तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

पहिला शिम पिनियनच्या खोलीचा. या हौसिंगमध्ये तो आतल्या मोठ्या बेअरिंगच्या कपामागे (बाहेरच्या कड्यामागे) असतो. पिनियनच्या तोंडावर +2, −1 असा आकडा कोरलेला असतो, तो थाऊमध्ये. अधिक म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यापासून तेवढं दूर हवं, म्हणून शिम कमी. उणे म्हणजे जवळ हवं, म्हणून शिम जास्त. समजा जुन्यावर +2 आहे, नव्यावर −1 आहे आणि जुना शिम 35 थाऊचा निघाला. फरक तीनचा, तेव्हा सुरुवात 38 थाऊवर करा. ही फक्त सुरुवात आहे, अंतिम निकाल दातांवरच्या ठशाचा.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. खोलीचा शिम तीन थाऊने वाढला की दोन कपांमधलं अंतरही तीनने वाढतं आणि प्रीलोड कडक होतो. म्हणून बाहेरच्या बेअरिंगजवळच्या प्रीलोडच्या शिममध्येही तेवढेच तीन वाढवा. प्रीलोडचा शिम वाढवला की पिनियन सैल फिरतं, काढला की कडक. काही गाड्यांत या शिमऐवजी चेपली जाणारी नळी, क्रश स्लीव्ह, असते. तिथे नट थोडा थोडा आवळून दर वेळी मोजायचं. आकडा ओलांडला तर नट मागे फिरवून उपयोग नाही, नळी नवीच टाकावी लागते.

मग क्राउन. क्राउनच्या मागची बाजू आणि डिफरन्शियलच्या डब्याची बैठक तेलदगडाने पुसून बारीक ओरखडे काढा. क्राउन उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला की हाताने सरकून बसतो. दोन लांब बोल्ट वाटाड्यांसारखे लावले तर भोकं चुकत नाहीत. बोल्ट खेचून क्राउन ओढून बसवू नका. पाणी वाळवा, बोल्ट नवे घ्या, आटे पेट्रोलने धुऊन लाल थ्रेडलॉक लावा आणि समोरासमोरचे आळीपाळीने 50 ते 60 फूट-पौंडावर आवळा.

बाजूच्या बेअरिंगींचे शिम या हौसिंगमध्ये बेअरिंगच्या मागे, डब्यावर असतात. म्हणजे दर बदलाला बेअरिंग उपटावी लागते आणि तिसऱ्यांदा उपटताना ती फुटते. म्हणून झिजलेल्या नसलेल्या जुन्या बेअरिंगींचं आतलं भोक लेथवाल्याकडून जरासं घासून घ्या, हाताने सरकेल इतपत. याच 'मापाच्या बेअरिंगी'. सगळी जुळवाजुळव त्यांच्यावर करायची आणि नव्या शेवटी एकदाच ठोकायच्या. ज्याला हे फालतूचं काम वाटतं, तो दुसऱ्या दिवशी पुलर शोधत फिरतो.

दोन्ही बाजूंचे शिम असे ठेवा की डबा आडवा हलणार नाही, पण हाताने आत जाईल. आता बॅकलॅश पाहा. डायल गेजची सुई क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवा, पिनियन घट्ट धरा आणि क्राउन पुढे-मागे हलवा. 5 ते 9 थाऊ (0.13 ते 0.23 मिमी) हवे. तीन-चार जागी मोजा; जागोजागी 2 थाऊपेक्षा जास्त फरक आला तर क्राउनखाली कचरा अडकला आहे, पुन्हा काढा. एका बाजूचा 10 थाऊ शिम दुसऱ्या बाजूला नेला, की बॅकलॅश साधारण 7 थाऊने बदलतो. एकूण जाडी तीच ठेवायची, एकीकडून काढलेलं दुसरीकडे टाकायचं. माप जुळलं की शेवटी प्रीलोडसाठी एकूण 15 थाऊ जास्तीचे टाकून डबा प्लास्टिकच्या हातोड्याने ठोकून बसवा आणि कॅपांचे बोल्ट 70 ते 90 फूट-पौंडावर आवळा. जास्तीच्या शिमने बॅकलॅश सरकतो, म्हणून नंतर पुन्हा मोजा. डबा आपोआप पडल्यासारखा बसला तर शिम कमी आहेत.

प्रश्न : दाताला रंग लावून पाहतात म्हणे. कोणता रंग आणि काय पाहायचं? (धारणी)

जुन्या पद्धतीत यासाठी रेड लेड तेलात कालवत, म्हणजे आपला मारुतीचा शेंदूर. पण त्यात शिसं असतं आणि बाजारातल्या शेंदराचा आता भरवसा नाही. स्टेशनरीच्या दुकानातली पिवळ्या ऑइल कलरची ट्यूब घ्या, दोन थेंब गिअर ऑइल घालून मलमाइतकी घट्ट करा. दात तेल पुसून कोरडे असू द्या आणि तीन वेगवेगळ्या जागी तीन-चार दातांना दोन्ही अंगांनी पातळ लावा.

आता पिनियनच्या फ्लँजला दुसऱ्याने फडक्याने आवळून धरावं आणि तुम्ही लांब पान्याने क्राउन फिरवा, पुढे आणि मागे. ओझं नसेल तर ठसाच उमटत नाही आणि मग माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

मागच्या हौसिंगमध्ये दाताचं बाहेर फुगलेलं अंग गाडी ओढताना काम करतं, खोलगट अंग उतारावर. आधी पाहा ठसा दाताच्या शेंड्याकडे आहे की बुडाकडे. शेंड्याकडे असेल तर पिनियन दूर आहे, खोलीचा शिम वाढवा. बुडाशी रुतलेला असेल तर फार जवळ आहे, शिम कमी करा. सुरुवातीला एकदम पाच-सहा थाऊ बदला, एकेका थाऊने फरक डोळ्याला दिसत नाही. उलट बाजूला गेला की निम्म्यावर या.

ठसा उंचीच्या मध्ये आल्यानंतरच आडवं पाहा. मध्याकडच्या अरुंद टोकाला गेला असेल तर बॅकलॅश थोडा वाढवा, बाहेरच्या रुंद टोकाला गेला असेल तर कमी करा, पण 5 ते 9 च्या आतच. ठसा दोन्ही टोकांच्या आत मावला, कुठे कडेला तुटलेला नाही आणि दोन्ही अंगांवर उंचीने मध्ये आहे, तर झालं. तो पुस्तकातल्या चित्रासारखा अंडाकृती येईलच असं नाही.

मेळघाटातल्या चढांवर चारही चाकं लावून जाणाऱ्यांसाठी : पुढच्या हौसिंगमध्ये मागच्यासारखीच जोडी असेल, तर पुढे जाताना तिचं खोलगट अंग ओढतं. तिथे त्या अंगाच्या ठशाला जास्त मान द्या.

हात पुसायला धागे न सुटणारं जुनं सुती लुगडं घ्या. कापसाच्या गावात कापसाची बोळी हाताशी असते, पण तिचे तंतू बेअरिंगमध्ये अडकतात.

प्रश्न : नाला ओलांडल्यावर तेल दुधाच्या चहासारखं झालं. सील बदललं, तरी पुन्हा तेच. (अहेरी)

हौसिंगवरचा ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचं बारीक तोंड) तपासा. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती पाणी सीलच्या ओठातून आत ओढते. ब्रीदर साफ करा, त्याला ऑइलला टिकणारी रबरी नळी जोडून बॉडीच्या उंचीवर न्या आणि तिचं तोंड खाली वळवा. पाणी गेलेलं तेल एक दिवसही ठेवू नका, बेअरिंगींवर गंजाचे टिपके पडतात.

प्रश्न : टायर 28 इंचांवरून 31 चे केले, चढावर ओढत नाही. फक्त मागचं क्राउन-पिनियन बदललं तर? (पुसद)

रेशो (क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) काढणं सोपं आहे : जुना रेशो गुणिले 31 भागिले 28. 3.73 असेल तर 4.13 येतो, म्हणजे 4.10 ची जोडी (41 आणि 10 दात) घ्यायची. पण पुढचं तसंच ठेवून फोर बाय फोर लावलंत तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतील आणि ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) क्रॉसपर्यंत कुठेतरी तुटेल. 4.10 आणि 4.09 एवढा फरक चालतो, त्याहून मोठा नाही. दोन्ही बदला, नाहीतर पुढचं बदलेपर्यंत ट्रान्सफरच्या दांडीला हात लावू नका.

प्रश्न : सगळं बसवलं. लगेच ट्रॉली जोडू का? (आर्वी)

नको. ईपी 90 किंवा 80डब्ल्यू-90, जीएल-5 दर्जाचं तेल भरणीच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. एका हौसिंगला दोन लिटर आणून ठेवा. उन्हाळ्यात जड ओझं वाहायचं असेल तर 85डब्ल्यू-140 चालतं. उरलेलं तेल पितळी सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका.

पहिल्या दिवशी 25-30 किमी हलक्या पायाने चालवा आणि हौसिंग हात ठेवण्याइतकं थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा करा. नवे दात एकमेकांवर घासून गुळगुळीत होताना खूप तापतात आणि त्याच वेळी ओझं पडलं तर दातांचं कठीणपण उतरतं. 800 किमीपर्यंत ट्रॉली नको, सलग वेगही नको. 800 ला तेल गरम असतानाच सोडा आणि ड्रेन प्लगवर चुंबक फिरवा. राखेसारखी करडी पेस्ट मिळाली तर ते ठीक आहे. नखाला बोचणारा कण सापडला तर कव्हर उघडा आणि पुन्हा रंग लावून ठसा पाहा.