वहीतला 'शेर': मापाचा की वजनाचा?

प्रश्न असा आला आहे: घरातल्या जुन्या वहीत चकलीच्या भाजणीचे साहित्य 'तांदूळ १ पायली, हरभरा डाळ २ शेर, उडीद डाळ १ शेर, धणे पावशेर, जिरे नवटाक' असे लिहिले आहे. एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, असे धरून सगळ्याचे ग्रॅम केले तर चालेल का?

तांदूळ-डाळींना चालणार नाही, धण्या-जिऱ्यांना बहुधा चालेल. शेर या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जात, आणि माझ्या मते या यादीत त्या दोन्ही आहेत.

एक शेर तराजूचा. तो ८० तोळ्यांचा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून ९३३ ग्रॅम. अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक हे त्याचे निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारे भाग. दुसरा शेर म्हणजे धान्य मापायचे भांडे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. तुमच्या यादीत पहिलाच शब्द 'पायली' आहे आणि पायली वजनाची नसते. तिच्या पाठोपाठ आलेले डाळींचे शेरही मापीच असणार. तसे धरले की तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ यांचे प्रमाण चारास दोन, दोनास एक असे नेमके जुळते. धणेही मापायचे असते तर लिहिणारीने सहज 'चिपटे' लिहिले असते. तिने 'पावशेर' लिहिले, कारण धणे-जिरे वाण्याकडून तोलून येत. 'नवटाक' द्रवाच्या मापालाही वापरत, पण जिऱ्याला तो अर्थ लागू नाही.

मापी शेराचे ग्रॅम का करता येत नाहीत? पहिले कारण, हे भांडे गावोगाव लहानमोठे असे. दुसरे कारण 'शीग' या सुंदर शब्दात आहे. माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो ती शीग. शिगोशीग भरलेला शेर आणि हात फिरवून सपाट केलेला शेर यांत चांगलाच फरक पडतो, आणि वहीत तो क्वचितच नोंदलेला असतो. उत्साह 'शिगेला पोहोचतो' तो याच शिगेला. 'झुकते माप' या प्रयोगात मात्र मला दोन्ही व्यवहार एकत्र झालेले दिसतात: झुकते ते तराजूचे पारडे, मापाला असते ती शीग.

तिसरे कारण जिन्नसाचे स्वतःचे. २४० मिलिलिटरचा कप पाण्याने भरला तर २४० ग्रॅम भरतो, साखरेने साधारण २००, तांदळाने १९०च्या आसपास. मैद्याने १२० ते १२५, तोही हलक्या हाताने भरला तर. दाबून भरला की आकडा बराच वर जातो. धणे आतून पोकळ, त्यामुळे ते तांदळाच्या निम्मेही भरत नाहीत. म्हणून धण्यांचा पावशेर मापी की वजनी, हे ठरवणे सगळ्यात महत्त्वाचे. चूक झालीच तर ती तिथे सर्वात मोठी होईल.

वही केव्हाची आहे तेही पाहा. दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून नवी वजने बाजारात आली. त्यानंतरही बोलण्यात 'पावशेर' टिकला, पण पाव किलोच्या अर्थाने. वही जुनी असेल तर पावशेर २३३ ग्रॅम आणि नवटाक ११७. अलीकडची असेल तर २५० आणि १२५. या १७ ग्रॅमांनी भाजणी बिघडणार नाही.

प्रत्यक्ष करताना तांदूळ आणि डाळींचे ग्रॅम करूच नका. हाताशी असेल ते एकच भांडे घ्या आणि ४:२:१ मापा. घरात जुने चिपटे किंवा मापटे मिळाले तर फारच उत्तम: ते तांदळाने भरून एकदा काट्यावर ठेवा, म्हणजे पायलीचा अंदाज येईल आणि धणे-जिरेही त्या हिशेबात बसवता येतील. ते नसेल तर धणे जिऱ्याच्या दुप्पट, एवढे वहीतून पक्के मिळते, कारण पावशेरात दोन नवटाक. बाकी चवीने ठरवावे लागेल.