शेतावरच्या घरी कुत्र्याचं पहिलं पिल्लू आणताना
पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. घरी आलं की कोंबड्या, शेळ्या, वासरं या सगळ्यांची ओळख पट्टा लावूनच करून द्या, आणि तीही लगेच. साधारण १४ आठवड्यांपर्यंत जे दिसतं, ऐकू येतं ते त्याच्या अंगवळणी सहज पडतं. पुढे तेच काम फार जड जातं. कोंबडीमागे झेपावलं तर ओरडू नका, शांतपणे दुसरीकडे वळवा. पाठलागाची चटक लागली की सुटता सुटत नाही. घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावा: पिल्लू खात असताना त्याला हात लावायचा नाही. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर, न चुकता. आणि गोठ्यात उंदरांचं औषध ठेवलं असेल तर आजच काढा. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ला तरी कुत्रं दगावू शकतं.